तीन चांदण्या, एक टिकमार्क

"सर्व्हर डाऊन हाये जी" हे वाक्य आमच्या ओसरीवर दिवसातून किती वेळा म्हटलं जातं, ते मी गेल्या दिवाळीत मोजलं. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत अकरा वेळा.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यात. धाकटा भाऊ घराच्या ओसरीवर ऑनलाइन कामांचं केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पोरांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म. आणि धान निघायच्या दिवसांत आधारभूत किमतीने धान विकायचं तर त्याची नोंदणी. नोंदणीची तारीख गेली की धान व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने. त्यामुळे सण असूनही ओसरीवर माणसं होती. चुलबंद नदीपलीकडच्या गावातले एक आजोबा सायकलवर तिसऱ्यांदा आले होते. भावाने त्यांचं नाव, आधार क्रमांक, गट क्रमांक सगळं भरलं, सातबाऱ्याचा फोटो जोडला, बटण दाबलं, आणि पडद्यावर तो गोल फिरायला लागला. पाच मिनिटं फिरला. मग पान पांढरं झालं.

"उद्या या जी आजोबा. सर्व्हर डाऊन हाये."

आजोबा काही बोलले नाहीत. पिशवीत कागद घालून उठले. मी पुण्यात नेटवर्कचं काम करते, याच गोष्टीचा पगार घेते. मला ते बघवलं नाही. मी भावाला विचारलं, "सर्व्हर डाऊन आहे हे तुला कसं कळलं?"

तो म्हणाला, "ताई, होत नाही म्हणजे डाऊनच ना."

भारतात इंटरनेट आल्यापासून हे वाक्य आपल्याकडे रुळलं आहे. बँकेत, तहसीलात, रेशन दुकानात, सगळीकडे. त्यात सोय अशी की पुढे काही विचारता येत नाही. सर्व्हर कुठे आहे कुणाला माहीत नाही, तो कुणाचा आहे हेही नाही, आणि आपल्या गावापासून तिथपर्यंतच्या वाटेत आणखी काय काय लागतं याचा तर कुणी विचारही करत नाही. ही वाट विचारायचं एक साधन मात्र १९८८ पासून आहे. त्याचं नाव ट्रेसराउट. त्या दुपारी मी तेच काढून बसले.

भावाच्या टेबलावर दोन यंत्रं आहेत. एक डेस्कटॉप, ज्यावर विंडोजचे पैसे वाचावेत म्हणून मीच तीन वर्षांपूर्वी उबंटू घालून दिलं होतं, आणि एक जुना विंडोज लॅपटॉप, जो फक्त अंगठा घ्यायच्या यंत्रासाठी वापरतात. सगळे फॉर्म डेस्कटॉपवरून जातात. मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये माझा भाड्याचा एक छोटा सर्व्हर आहे. मी डेस्कटॉपवरून त्याला पिंग केलं. उत्तर लगेच आलं. म्हणजे जाण्यायेण्याचा रस्ता आहे. मग ट्रेसराउट चालवलं. पहिली ओळ: तीन चांदण्या. दुसरी ओळ: तीन चांदण्या. तिसरी, चौथी, पाचवी, अशा तीस ओळी. तीन चांदण्या म्हणजे तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा कुणी बोललं नाही.

वाटेतला एखादा थांबा मुका असणं नेहमीचं आहे. मोठ्या कंपन्यांचे राउटर अशा प्रश्नांना रांगेत शेवटचं स्थान देतात, कधी देतच नाहीत. मधे चांदण्या आणि पुढे पुन्हा नावं, असं दिसलं तर काळजीचं कारण नसतं. पण पहिलीच ओळ मुकी? पहिला थांबा म्हणजे आमच्याच भिंतीवरचा, कॅलेंडरच्या बाजूला खिळ्याला टांगलेला पांढरा डबा. तोच बोलत नव्हता.

इथे थोडं मागे जावं लागेल.

इंटरनेटवरची प्रत्येक गोष्ट छोट्या पुडक्यांतून जाते, आणि प्रत्येक पुडक्यावर एक आकडा लिहिलेला असतो. १९८१ च्या सप्टेंबरमध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या नियमावलीत त्याला 'टाइम टू लिव्ह' म्हटलं आहे. मूळ कल्पना सेकंदांची होती: पुडकं जाळ्यात किती सेकंद जगावं. पण प्रत्येक राउटरने तो आकडा निदान एकाने तरी कमी करायचा असा नियम असल्याने व्यवहारात तो थांब्यांचा हिशेब झाला. कारण साधं होतं. दोन राउटरांची समजूत चुकली आणि हा त्याच्याकडे, तो याच्याकडे ढकलत राहिला तर पुडकं अनंतकाळ फिरेल. आकडा शून्य झाला की ते मारायचं. आणि मारल्यावर, हा महत्त्वाचा भाग, पाठवणाऱ्याला चिठ्ठी पाठवायची: तुमचं पुडकं माझ्यापाशी संपलं. अशा चिठ्ठ्यांसाठी त्याच महिन्यात वेगळी नियमावली आली. तिला आयसीएमपी म्हणतात.

चिठ्ठी पाठवण्यामागे तेव्हा नुसता शिष्टाचार होता. तिचा उपयोग वाट शोधायला होईल असं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

तो उपयोग सापडायला सात वर्षं गेली. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन नावाचा माणूस काम करत होता. १९८६ च्या ऑक्टोबरात त्याची प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधली जोडणी अचानक मंदावली. अंतर चारशे यार्ड, म्हणजे आमच्या घरापासून मारुतीच्या देवळाइतकं. वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. गर्दीत सगळेच पुन्हा पुन्हा पाठवत होते, म्हणून गर्दी आणखी वाढत होती. जेकबसनने त्यावर काढलेला उपाय आजही जगातल्या प्रत्येक फोनमध्ये या ना त्या रूपात आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. इथे त्याची आठवण अशासाठी की या माणसाला 'कुठे अडलंय' हा प्रश्न स्वस्थ बसू देत नसे.

१९८८ च्या डिसेंबरात अशाच एका वाट चुकल्याच्या भानगडीमागे लागून त्याने ट्रेसराउट लिहिलं. कल्पना स्टीव्ह डीअरिंगची, असं तो स्वतःच सांगतो, आणि कोडमधल्या टिपणात तो हेही लिहून गेला आहे की ४८ तास न झोपता हे बाहेर पडलं, कुणी याला नमुना समजू नये. युक्ती इतकी सोपी की हसू येतं. पहिल्या पुडक्यावर मुद्दाम १ लिहायचा. ते पहिल्याच थांब्यावर मरतं आणि तिथून चिठ्ठी येते. चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचा पत्ता असतोच. मग २ लिहायचा. दुसऱ्या थांब्याचा पत्ता येतो. मग ३. अशी एकामागून एक पुडकी मरायला पाठवायची आणि त्यांच्या मरणाच्या तारा जुळवून नकाशा करायचा.

बाबा मागे खुर्चीवर बसून हे ऐकत होते. ते रेल्वेच्या टपाल खात्यात, आरएमएसमध्ये, सॉर्टर म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी नागपूरला आणि धावत्या गाडीच्या टपालडब्यात. ते उठून आत गेले आणि कपाटातून एक जुना लिफाफा घेऊन आले. तो मी लहानपणापासून पाहिला आहे. १९७१ मध्ये पुण्याहून मोठ्या काकांनी घरी पाठवलेलं पत्र. काकांचं अक्षर वाईट, पत्त्यात जिल्ह्याचं नाव घाईत लिहिलेलं, आणि पत्र भंडाऱ्याऐवजी आधी भंडारदऱ्याला, म्हणजे नगर जिल्ह्यात गेलं. तिथून परत, मग नागपूर, मग भंडारा, मग लाखनी. मागच्या बाजूला पाच शिक्के. प्रत्येकावर ठिकाण आणि तारीख. बाबांनी बोट फिरवत मला पाचही थांबे वाचून दाखवले आणि म्हणाले, "हे तुझं तेच ना?"

तेच. फरक इतकाच की टपालात शिक्के पत्रासोबत पुढे येतात, आणि इथे शिक्का मारणाऱ्याला दर वेळी स्वतंत्र चिठ्ठी मागे पाठवावी लागते. ती चिठ्ठी वाटेत कुणी फेकली तर शिक्का मारलेला असूनही आपल्याला दिसत नाही.

असली पत्रं भरकटू नयेत म्हणूनच पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ ला, पिनकोड आला. तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणला, हे मराठी माणसाला निदान माहीत असायला हवं. केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते, न वाचता येणारी अक्षरं यांवर सहा आकड्यांचा तोडगा. पहिल्या आकड्यावरून मोठा विभाग, दुसऱ्यावरून उपविभाग, तिसऱ्यावरून वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटच्या तिनांवरून टपाल कार्यालय. सॉर्टरला सगळं वाचायची गरज नाही. मुंबईत बसलेल्याने ४४ पाहिलं की विदर्भाच्या थैलीत टाकायचं, पुढचं पुढचे बघतील. बाबा सांगतात, १ मे १९९९ ला भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, कचेऱ्या, शिक्के, पाट्या सगळं बदललं, पण दोन्हीकडचे पिन ४४१ नेच सुरू होत राहिले. पत्राला कलेक्टर कोण याच्याशी देणंघेणं नसतं. इंटरनेटचे राउटरही १९९३ नंतर पत्त्याचा पुढचा तुकडा पाहूनच दिशा ठरवतात. पद्धत जवळजवळ हीच आहे, आणि तिच्या एकवीस वर्षं आधी आपल्याकडचे सॉर्टर हे हाताने करत होते.

योगायोग म्हणजे सामान्य माणसासाठी इंटरनेट भारतात सुरू झालं तेही १५ ऑगस्टला, १९९५ साली, विदेश संचार निगममार्फत. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याआधीपासून एक जाळं होतं, कलेक्टर कचेरीतल्या एनआयसीचं, उपग्रहाच्या तबकडीवर चालणारं. पण ते सरकारी आकडेवारीसाठी. आमच्यापर्यंत पहिल्यांदा पोचलं ते भंडाऱ्यातल्या सायबर कॅफेतून, तासावर पैसे देऊन.

ट्रेसराउटने आपल्याकडे जी मोठी गोष्ट उघडी पाडली ती याच काळातली. एकाच शहरातल्या दोन माणसांनी वेगवेगळ्या कंपन्यांची जोडणी घेतली तर त्यांच्यातली पुडकी देशाबाहेर, कधी सिंगापूर, कधी थेट अमेरिका, असा फेरा मारून परत येत. कारण दोन भारतीय कंपन्या भारतात एकमेकींना भेटतच नव्हत्या. दोघींची भेट परदेशातल्या मोठ्या कंपनीच्या दारात. शेजारच्या घरी जायला विमानाने जाण्यातला प्रकार, आणि त्याचे पैसे परकी चलनात. कुणीही घरी बसून ट्रेस काढला की हे दिसत असे. २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली ती यासाठीच: नोएडा, मुंबई, चेन्नई, कोलकाता इथे कंपन्यांनी एकमेकांना भेटायची जागा. देशातली पुडकी देशात राहावीत.

मग आमच्या भिंतीवरचा डबा मुका का झाला?

त्याचंही मूळ १९८८ मध्येच आहे, आणि ते ट्रेसराउटच्या जेमतेम महिनाभर आधीचं आहे. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेलमधल्या विद्यार्थ्याने सोडलेला किडा जाळ्यात पसरला. तेव्हा सगळ्या इंटरनेटवर अंदाजे साठ हजार यंत्रं होती. त्यातली सहा हजार बंद पडली असं तेव्हा म्हटलं गेलं. तोवर या जाळ्यावरची माणसं एकमेकांना ओळखत होती, दारं उघडी टाकत होती. त्या रात्रीनंतर ते संपलं. महिन्याच्या आत अमेरिकेत अशा हल्ल्यांवर नजर ठेवणारं केंद्र उभं राहिलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत संस्थांनी जाळ्याच्या तोंडाशी चौकीदार बसवायला सुरुवात केली. फायरवॉल हा शब्द मुळात बांधकामातला, आग पुढे जाऊ न देणारी भिंत. म्हणजे एका हिवाळ्यात वाट विचारणारं साधन जन्मलं आणि दारं लावून घेण्याचं युगही. मला तरी ही जोडी मोठी विलक्षण वाटते.

आयसीएमपीवर लोकांचा राग बसला तो आणखी आठेक वर्षांनी. १९९६ च्या सुमारास कळलं की प्रमाणाबाहेर मोठं पिंग पाठवलं की अनेक यंत्रं कोसळतात. पिंग हे बिचारं १९८३ मध्ये माइक मूस यांनी पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून नाव ठेवून एका संध्याकाळी लिहिलेलं साधन, 'आहेस का?' एवढंच विचारणारं. मग १९९८ च्या आसपास एका पिंगला शेकडो यंत्रांकडून उत्तरं देववून तिसऱ्यालाच बुडवायचा प्रकार आला. दोन्हींवर नेमके इलाज होते आणि ते झालेही. पण तोवर जाळं सांभाळणाऱ्यांच्या डोक्यात बसलं की आयसीएमपी वाईट, सरसकट बंद करा. घरगुती राउटर विकणाऱ्यांनी ती समजूत उचलली आणि सेटिंगच्या पानावर एक चौकट ठेवली. चौकटीत टिक केली की तुमचा डबा जगाला 'दिसत नाही'. ऐकायला छानच वाटतं.

चौकट टिक केलेली असणार हे मला पहिल्या ओळीतल्या चांदण्यांवरूनच वाटलं होतं. पण खात्री करायला मी विंडोजच्या लॅपटॉपवरूनही तोच ट्रेस काढला. विंडोजची पद्धत वेगळी आहे: तिथलं ट्रेसर्ट पिंगचीच पुडकी वापरतं, उबंटूचं मात्र जेकबसनने ठरवल्याप्रमाणे यूडीपीची. लॅपटॉपवर पहिल्या थांब्यापासून चांदण्याच होत्या, पण शेवटच्या ओळीत माझा मुंबईचा सर्व्हर उमटला. म्हणजे 'आहे' हे पिंगचं उत्तर आत येत होतं, आणि 'इथे संपलं', 'इथे पोचवता येत नाही' या तक्रारीच्या चिठ्ठ्या तेवढ्या आमच्या दारात फेकल्या जात होत्या. शिवाय आमचा डबा स्वतःही एकही तक्रार लिहीत नव्हता.

भाऊ म्हणाला, "बरं, चिठ्ठ्या नाही येत. पण त्याने सातबारा का अडेल?"

प्रश्न बरोबर होता. ट्रेस दिसत नाही म्हणून फॉर्म अडत नाही. मी त्याला विचारलं, हे रोजच होतं का? तर म्हणाला, नाही, रात्री होतं बहुतेक. रात्री सर्व्हरवर गर्दी कमी असते. मी विचारलं, रात्री तू कुठे बसतोस? आत, पलंगावर. कशावरून करतोस? मोबाइलवरून, मोबाइलच्या नेटवर. दिवसा ओसरीवर डेस्कटॉप आणि फायबर, रात्री आत मोबाइल. आमच्याकडे मोबाइलला दिवसा ओसरीवर जेमतेम एक दांडी असते, म्हणून तो दिवसा कधी वापरून पाहिला नव्हता. वर्षभर सर्व्हर रात्री सुधारत होता तो असा.

आता डीअरिंगची दुसरी गोष्ट सांगावी लागेल. ट्रेसराउटची कल्पना देणाऱ्या याच माणसाने जेफ्री मोगलसोबत १९९० च्या नोव्हेंबरात आणखी एक नियम लिहिला. वाटेतल्या प्रत्येक दुव्याची पुडक्याच्या आकाराची मर्यादा वेगळी असू शकते, मग पाठवणाऱ्याने केवढं पुडकं पाठवावं? त्यांचं उत्तर: मोठंच पाठवा, वर लिहा 'तोडू नका'. वाटेत कुठे मावलं नाही तर तिथला राउटर ते टाकून देईल आणि चिठ्ठी पाठवेल, 'मावत नाही, माझ्याकडे एवढंच जातं.' मग लहान करा. ही चिठ्ठीसुद्धा आयसीएमपीचीच, तक्रारीच्याच जातीची.

घरातल्या तारेवर १५०० बाइटचं पुडकं जातं. आमच्याकडे फायबर आहे तो पीपीपीओई पद्धतीने लॉगिन होतो, १९९९ मधली पद्धत, आणि तिची आठ बाइटची पट्टी प्रत्येक पुडक्याला लागते. उरले १४९२. म्हणजे डेस्कटॉपने भरलेलं पूर्ण पुडकं आमच्याच डब्यापाशी आठ बाइटांनी जास्त. डब्याने ते टाकलं. चिठ्ठी लिहायची त्याला मनाई. डेस्कटॉप वाट बघत बसला, मग तेच पुडकं पुन्हा पाठवलं, पुन्हा टाकलं गेलं. नाव, आधार क्रमांक, गट क्रमांक ही चिमुकली पुडकी. ती सुटत होती. सातबाऱ्याचा फोटो भरगच्च पुडक्यांचा. तो अडत होता. व्हिडिओ मात्र मस्त दिसत, कारण ते बाहेरून आत येतात, आणि पलीकडच्या मोठ्या कंपन्या आकार जपूनच पाठवतात. त्यामुळे 'नेट तर चालू आहे' याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. असे मुके खड्डे नेटवर्कच्या लोकांना नवे नाहीत; २००० मध्येच त्यांच्यावर रीतसर लिहिलं गेलं आहे, आणि बहुतेक राउटर आता सुरुवातीच्याच बोलण्यात गुपचूप आकार छाटून वेळ मारून नेतात. आमच्या डब्यात तीही सोय बंद होती.

हे सगळं मी पाटीवर गणित मांडावं तसं करून पाहिलं. 'तोडू नका' असं लिहून १४६४ बाइटचं पिंग पाठवलं. पिंगचे स्वतःचे २८ मिळवून १४९२. गेलं, उत्तर आलं. १४६५ पाठवलं. शांतता. डब्याने म्हणायला हवं होतं 'मावत नाही'. काहीच नाही. मुंबईच्या सर्व्हरवर आत येणारी पुडकी बघत बसले तर तिथे ते पोचलंच नव्हतं. सर्व्हर डाऊन नव्हता. तारही तुटली नव्हती. आमच्या कॅलेंडरशेजारी आठ बाइट मावत नव्हते.

डब्याच्या सेटिंगमध्ये गेले. फायरवॉलचा दर्जा 'हाय', आणि खाली त्या चौकटीत टिक.

"ही कुणी केली?"

भाऊ थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, मीच. त्याच्याकडे लोकांचे आधार, पासबुकं, अंगठे येतात. पेपरात खात्यातून पैसे गेल्याच्या बातम्या. आपल्या केंद्रातून कुणाचं काही जाऊ नये म्हणून त्याने एक व्हिडिओ बघून जेवढं म्हणून बंद करता येईल तेवढं केलं होतं. मला त्याच्यावर रागावता येईना. लोकांचे कागद हाताळणाऱ्या माणसाने घाबरायलाच हवं, आणि फायरवॉल असायलाच हवी. बाहेरून आत येणाऱ्या अनोळखी जोडण्या ती अडवते ते योग्यच आहे. पण तक्रारीच्या चिठ्ठ्या फेकून कुणाचं पासबुक सुरक्षित होत नाही. आणि खरं सांगायचं तर वर्षभरापूर्वी त्याने मला फोनवर 'अपलोड होत नाही गं' म्हटलं होतं, तेव्हा मीही पुण्यातून हेच म्हणाले होते: त्यांचा सर्व्हर डाऊन असेल.

चौकटीतली टिक काढली, दर्जा मध्यम केला, बाहेरून येणारं बाकी सगळं बंदच ठेवलं. डेस्कटॉपवरही खबरदारी म्हणून पुडक्याचा आकार १४९२ करून टाकला. पुन्हा १४६५ चं पिंग पाठवलं. डेस्कटॉपनेच सांगितलं, मावत नाही. मग भावाने आजोबांचा फॉर्म उघडला. नाव, आधार, गट क्रमांक भरलेलेच होते. सातबाऱ्याचा फोटो चार सेकंदांत गेला.

आजोबांना फोन केला तर लागला नाही. भावाने मोटारसायकल काढली आणि पावती छापून घेऊन नदीपलीकडे गेला. संध्याकाळपर्यंत मागचे राहिलेले चौदा फॉर्म गेले. ज्यांची तारीख वर्षभरात अशीच निघून गेली असेल, त्यांची यादी आमच्याकडे नाही.

रात्री जेवणं झाल्यावर बाबा म्हणाले, आता काढून दाखव तुझे शिक्के. मी ट्रेस चालवला. पहिल्या ओळीत आमचा डबा, १९२.१६८ ने सुरू होणारा. दुसऱ्या ओळीत कंपनीचा खाजगी पत्ता, १०० ने सुरू होणारा. या आकड्यांची फोड बाबांना आवडली: जगातले पत्ते संपत आले म्हणून घरोघरी सारखेच आतले पत्ते वापरायचे, आणि तेही पुरेनात म्हणून २०१२ पासून कंपन्यांसाठी आतल्या पत्त्यांचा आणखी एक गठ्ठा. एका वाड्यात सगळ्यांच्या खोल्यांना एक-दोन-तीन, बाहेर पत्ता एकच. तिसऱ्या ओळीत चांदण्या. चौथ्या ओळीत एकदम मुंबई.

बाबांनी चष्मा वर केला. "नागपूर कुठं आहे?"

मी म्हटलं, दिसत नाही.

"नागपूरवरून न जाता मुंबईला कसं जाईल? तार काय आकाशातून गेली?"

मी त्यांना सांगायला लागले की मोठ्या कंपन्या आपल्या आतल्या वाटेवर पुडक्यावर आणखी एक पट्टी चिकटवतात, वाटेतले राउटर ती वरचीच पट्टी बघतात, आतल्या आकड्याला हात लावत नाहीत, म्हणून तिथे पुडकं मरत नाही आणि ते थांबे ट्रेसमध्ये...

"बंद थैली," बाबा मधेच म्हणाले. "मुंबईची थैली इथे सील केली की नागपूरला फक्त या गाडीतून त्या गाडीत टाकायची. उघडायची नाही. आतल्या पत्राला नागपूरचा शिक्का कसा लागेल?"

मग त्यांनी तो लिफाफा उलटा करून दिव्याजवळ धरला, पाच शिक्के पुन्हा एकदा मोजले आणि कपाटात ठेवायला गेले.